घरात संगणक येण्यापूर्वी



जून महिना जवळ आला की आपल्या घरांपुढे एक नवा खर्च येऊन उभा राहतो. पूर्वी वह्यापुस्तके व गणवेश यांची तजवीज झाली म्हणजे आईबाप सुटलो म्हणत. आता मुलगी पदविकेला गेली, मुलगा हिशेबनिशी शिकू लागला, की संगणकाची मागणी होते. आणि ती रास्त आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, प्रवेशाची यादी संगणकावर, नोकरीची जाहिरातही तेथेच. ज्या घरात हे साधन नाही, त्या घराला आपली जातीची व उत्पन्नाची प्रमाणपत्रे परक्या दुकानातील यंत्रावर ठेवून यावे लागते. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. त्या प्रत्यक्ष पदरात पडण्याची वाट आज बहुतांशी या यंत्रातून जाते. तेव्हा संगणक ही चैन आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो घेताना आपली जी फसगत होते, तीविषयी आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे.

आमच्या पाहण्यातील एका हमाल कुटुंबाने बचतगटातून कर्ज उचलून मुलीसाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. "आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून न्या," असे दुकानदाराने सांगितले. तो आय-फाइव्ह होताच. त्यात खोटे काही नव्हते. मात्र या नावाचे प्रोसेसर २००९ सालापासून निघत आहेत, आणि हा तिसऱ्या पिढीचा होता. मेमरी ४ जीबी, आणि आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. यंत्र सुरू होईपर्यंत चुलीवर चहा होई! मुलीला लागणारे आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर त्यावर चालेना. आज यंत्र कोनाड्यात आहे आणि हप्ते चालू आहेत.

'डोळे झाकून' या शब्दांनीच सावध व्हावयास हवे होते. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना केला. पुजाऱ्याचा शब्द प्रमाण मानणे आपण सोडले, ते दुकानदाराचा शब्द प्रमाण मानण्यासाठी खास नव्हे.

आधी काम ठरवा. केवळ पाठ ऐकावयाचे व वाचावयाचे असतील तर घरातील मोबाइल पुरतो. कर्ज काढू नका. निबंध, हिशेबाचे तक्ते, टंकलेखन यांसाठी कळफलक हवा, आणि त्यास ८ जीबी मेमरी व २५६ जीबीची एसएसडी पुरेशी होते. जुन्या यंत्रातील तबकडी काढून एसएसडी बसविली तरी त्याचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो. आराखडे किंवा चित्रफिती यांचे काम असेल, तर मात्र शिक्षकांकडून त्या सॉफ्टवेअरचे नाव व त्यास लागणारी मेमरी कागदावर लिहून आणल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नका.

दुकानात कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबा. उघडणाऱ्या चौकटीत मेमरी, डिस्कचा प्रकार व प्रोसेसरचा क्रमांक दिसतो. इंटेलच्या आय-५ पुढे ८२५० असेल तर पिढी आठवी, ३२१० असेल तर तिसरी. पुढे मेमरी वाढविता येईल काय, हेही विचारा. काही लॅपटॉपमध्ये ती पक्की जोडलेली असते. चार्जर काढून अर्धा तास यंत्र चालवा आणि बॅटरी किती उतरते ते पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. पैसे आपले आहेत.

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. (तारीख आपल्या दीक्षेच्या दिवसाची असल्याने विसरणार नाही.) नंतरची सुरक्षेची मुदतवाढ तात्पुरती आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. याहून जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली घालावी. ती विनामूल्य आहे.

सॉफ्टवेअरविषयी एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगतो. "सगळे टाकून देतो," असे म्हणून दुकानदार जी चोरीची सॉफ्टवेअरे भरून देतो, ती घेणे म्हणजे अदिन्नादानच होय. दर पौर्णिमेस विहारात दुसरे शील ग्रहण करावयाचे आणि घरी अशा यंत्रावर मुलांना बसवावयाचे, हे शोभत नाही. शिवाय अशा प्रतींतून पुष्कळदा घातक प्रोग्राम शिरतात, आणि त्याच यंत्रावर आपले आधार व बँकेचे व्यवहार असतात. लिब्रे ऑफिस कर्त्यांनी स्वखुशीने सर्वांना दिलेले आहे. पत्र, तक्ता व सादरीकरण यांस ते पुरते. टॅली शिकणाऱ्यास तिची शैक्षणिक पद्धत मोफत मिळते. तीत ठराविक तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकण्यास तेवढे पुष्कळ. ऑटोकॅडही पात्र विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. एवढी वाट मोकळी असताना चोरी कशासाठी?

मराठी युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की त्याची निरर्थक चिन्हे होतात. टंकलेखनाची परीक्षा द्यावयाची असेल, तर तेथे कोणता कळफलक चालतो हे आधी विचारावे. एरवी इनस्क्रिप्ट शिकावा.

ज्यांस हेही परवडत नाही, त्यांच्यासाठी विहार समित्यांना आमची विनंती आहे. वर्गणीतून एक टेबलावरचा संगणक घ्या; त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते वेगळे ठेवा, म्हणजे एकाची कागदपत्रे दुसऱ्यास दिसणार नाहीत. वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि मुलींचे तास दिवसाउजेडी, सर्वांत आधी लिहा. खरेदीची पावती समितीच्या नावे घेऊन हमीपत्रासह वर्गणीच्या वहीत डकवून ठेवावी.