सरकारी दप्तराची किल्ली

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनाने बोरूने लिहिलेला जमाखर्च आजही वाचता येतो. त्यासाठी मोडी शिकावी लागते, कागद जपून उलगडावा लागतो; परंतु बोरू करणाऱ्याची अथवा शाई विकणाऱ्याची परवानगी काढावी लागत नाही. याउलट सन १९९५ च्या सुमारास संगणकावर लिहिलेले मराठी पत्र आज उघडावे, तर पुष्कळदा पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थशून्य घोळका उमटतो. त्या काळी प्रत्येक फाँट करणाऱ्याने देवनागरी अक्षरांना आपापल्या सोयीने क्रमांक दिले होते. तो फाँट हाताशी नसला की मजकूर असून नसल्यासारखाच. युनिकोड या सर्वमान्य संकेताने नव्या लिखाणापुरती ही अडचण दूर केली आहे, एवढेच.

शासनाच्या कचेऱ्यांत कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता भांडारपालाचा वाटतो. वस्तुतः तो दप्तराची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, याचा प्रश्न आहे. पत्र, तक्ता किंवा अंदाजपत्रक संगणकात साठविताना ते कोणत्या रीतीने मांडावे, हे लेखनाची प्रणाली ठरविते. ती रीत एकाच कंपनीला ठाऊक असेल, तर त्या कंपनीची प्रणाली विकत घेतल्यावाचून कागद नीट वाचता येत नाही आणि परवान्याचा दर ती ठरवील तो द्यावा लागतो. सन २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली ‘ओपन डॉक्युमेंट’ ही मांडणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिची फाइल म्हणजे एक दाबून बांधलेले गाठोडे असते. ते सोडले की आत साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या खुणा सापडतात. रुमालाची गाठ सोडावी, तसेच हे. तिचे नियम छापून प्रसिद्ध असल्यामुळे उद्या कोणतीही कंपनी बुडाली, तरी वाचक प्रणाली नव्याने लिहिता येते. प्रतिस्पर्धी कंपनीच्या मांडणीलाही सन २००८ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला, हे खरे. परंतु तिचे वर्णन मूळ मसुद्यात सहा हजार पृष्ठांचे होते, आणि भारताने तिच्याविरुद्ध मत दिले होते. सहा हजार पृष्ठे वाचून प्रणाली लिहावयास कोण बसणार?

ही मांडणी वापरणारी लिब्रेऑफिस ही प्रणाली जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या लहानशा शहरात जन्मली. मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलाने सन १९८५ मध्ये तेथे काढलेल्या कंपनीची ‘स्टारऑफिस’ प्रणाली सन १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली व पुढल्याच वर्षी तिची मूळ संहिता सर्वांस खुली केली. सन २०१० मध्ये खुद्द सन कंपनी ओरॅकलच्या हाती गेली. तेव्हा स्वयंसेवकांनी तीच संहिता उचलून वेगळी संस्था स्थापिली व लिब्रेऑफिस चालू ठेविले. मालक बदलला, तरी काम थांबले नाही. संहिता खुली असण्याचा अर्थ याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

तथापि केवळ संहिता खुली असून भागत नाही, हे म्युनिक नगरपालिकेच्या उदाहरणावरून कळते. सन २००३ मध्ये नगरसभेने मायक्रोसॉफ्टचा त्याग करण्याचे ठरविले, तेव्हा कंपनीचे मुख्याधिकारी स्टीव्ह बामर आपली सुटी अर्धवट टाकून महापौरांच्या भेटीस धावले होते. नगरपालिकेने मन बदलले नाही. सन २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक ‘लिमक्स’ या मुक्त प्रणालीवर आले. पुढे महापौर बदलले, तक्रारी साठल्या, आणि सन २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्या तक्रारींपैकी किती प्रणालीच्या आणि किती विस्कळीत संगणक-विभागाच्या, यावर तेथे पुष्कळ वाद झाला. सन २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तेथे मुक्त प्रणालीच वापरण्याचे पुन्हा मान्य केले. सतरा वर्षांत तीन दिशा! एका निवडणुकीपुरता टिकणारा निश्चय या कामी उपयोगी पडत नाही.

जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन या उत्तरेकडील राज्याने हा धडा घेतलेला दिसतो. तेथील मंत्रिमंडळाने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला, आणि पैशाच्या बचतीबरोबरच डिजिटल सार्वभौमत्व हे कारण स्पष्ट शब्दांत दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून अधिक टपालपेट्या मुक्त प्रणालीवर नेण्याचे काम संपले. वाटेत टपाल अडकले, कर्मचारी त्रासले. असा त्रास होणार नाही असे जो सांगतो, त्याने कधी कचेरीत काम केलेले नसावे. वीस वर्षे बोटांना पडलेले वळण परिपत्रकाने सुटत नाही.

भारताने धोरणे पूर्वीच केली आहेत. ई-प्रशासनातील खुल्या मानकांचे धोरण सन २०१० चे, तर मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे सन २०१५ चे आहे. केरळच्या शासकीय शाळांतील मुले कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. परंतु सन २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीची लेखनप्रणाली वापरण्यास सांगितले, तेव्हा स्वदेशी आणि मुक्त या दोन शब्दांची गल्लत होऊ लागली. स्वदेशी कंपनीला काम मिळावे, यात वावगे काही नाही. परदेशी सरकारच्या लहरीपासून काही संरक्षणही त्यातून मिळते. परंतु संहिता बंद असेल, तर किल्ली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर जाते. दप्तराच्या धन्याकडे येत नाही. स्वदेशी कंपनीही विकली जाते, दर वाढविते, धंदा बदलते. म्हणून कोणाचीही प्रणाली घ्यावी, पण शासनाचा प्रत्येक कागद खुल्या मांडणीतच साठविला जावा, ही अट प्रथम असावी. ती पाळली गेली, तर पुरवठादार बदलणे हे भांडारपालाचेच काम राहील.

मुक्त म्हणजे फुकट, ही समजूतही सोडून द्यावयास हवी. परवान्याचा पैसा वाचतो. शिक्षणाचा, दुरुस्तीचा आणि जुन्या फाइली बदलण्याचा खर्च राहतोच. फरक इतकाच, की तो पैसा गावातल्या तंत्रज्ञाच्या हाती पडू शकतो. लिब्रेऑफिस मराठीतही उपलब्ध आहे. त्यातील एखाद्या आज्ञेचा मराठी शब्द बोजड किंवा चुकीचा वाटला, तर दूरच्या कंपनीस विनंतीपत्र धाडून वाट पाहण्याचे कारण नाही. नांदेडच्या महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा इंदूरच्या वाचनालयातील ग्रंथपाल तो स्वतः सुचवू शकतो, आणि मान्य झाल्यास पुढील आवृत्तीत तोच शब्द सर्वांच्या पडद्यावर उमटतो.