हरलेले शिखर

दिवाळीच्या सुट्टीत नातीने कोडे घातले, "आजोबा, स्वीडनमधले सर्वांत उंच शिखर कोणते?"

"केब्नेकाइसे पर्वताचे दक्षिण शिखर!" मी ऐटीत म्हणालो.

"साफ चूक!"

नकाशाचे नवे पुस्तक पाहिले आणि वरमलो. या पर्वताच्या पायथ्याच्या दरीत बर्चचे ठेंगणे रान. वर झाड नाही, नुसता खडक. त्यातले उत्तर शिखर खडकाचेच, २०९६.८ मीटर. दक्षिण शिखराच्या डोक्यावर मात्र हिमाची टोपी. तिच्याच जोरावर ते उंच! उन्हाळे तापत गेले, टोपी वितळत गेली आणि २०१९ साली ते एकाएक मीटरभराने खाली ठरले.

'पर्वतासारखा अढळ' असे आम्ही निबंधात खुशाल लिहिले, गुणही मिळवले. नातीने काय लिहावे?