झडप बसविण्यापूर्वींचें गणित

हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून महाधमनींत रक्त सोडणारी झडप उतारवयांत कॅल्शियमचा थर सांचून ताठ होते. पूर्वीं ती बदलावयाची तर छाती उघडावी लागे. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं येथें डॉ. अलँ क्रिबिए यांनीं रक्तवाहिनीच्या वाटेनें नळी नेऊन अशी झडप प्रथमच बसविली. हिला टांके नसतात. ती केवळ दाबानें जागीं राहते. म्हणून दोनचार मिलिमीटरांनींहि अनर्थ होतो. फार खालीं उतरली तर हृदयाच्या विद्युत्संदेशाची वाट दबून ठोके मंदावतात व पेसमेकर बसवावा लागतो. फार वर राहिली तर निसटण्याचें भय. कडेस फट उरली तर रक्त मागें झिरपतें.

याकरितां आतां सी. टी. चित्रांवरून त्याच रोग्याच्या महाधमनीचें मूळ, कॅल्शियमच्या खड्यांसुद्धां, संगणकांत उभें करितात, आणि झडप निरनिराळ्या खोलीवर ठेवून दाब व फटी अजमावितात. युक्ति मोठी सुरेख खरी! परंतु चित्रांत आकार दिसतो, त्या भागाची लवचिकता दिसत नाहीं. ती बहुधा गृहीत धरावी लागते, आणि गृहीत चुकलें कीं उत्तर चुकतें, हें शाळेंतल्या पोरासहि ठाऊक आहे.

ज्या घरीं वडील माणसासाठीं असा बेत चालला असेल, त्यांनीं डॉक्टरांस एवढें अवश्य विचारावें: ई. सी. जी. मध्यें संदेशवाहिनीच्या उजव्या शाखेंत अडथळा आधींच आहे काय? असल्यास पेसमेकरचा संभव बराच वाढतो, व तो खर्चहि आधींच हिशेबांत धरावा लागतो.