नाल्यातील जंतूंवर किती भार टाकावा?

वाहत्या पाण्याला दोष लागत नाही, अशी समजूत खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. तिच्या मुळाशी अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. गोठ्याचे पाणी नाल्यात शिरले, तरी कोस-दोन कोसांवर त्याचा वास नाहीसा होतो व पाणी निवळलेले दिसते. हे काम प्रवाहाचे एकट्याचे नव्हे. पाण्यातील आणि तळच्या दगडगोट्यांवरील बुळबुळीत थरातील असंख्य सूक्ष्म जंतू ते करीत असतात. परंतु एवढ्यावरून गोठा, कोंबडीघर व शौचालय यांचे पाणी खुशाल नाल्यात सोडावे असा जो अर्थ काढला जातो, तो बरोबर नाही. संप्रेरकांच्या बाबतीत तर तो घातक आहे.

संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात स्रवणारी आणि वाढ, माज, गर्भधारणा इत्यादी क्रिया चालविणारी द्रव्ये होत. काम झाल्यावर शरीर ती मलमूत्रावाटे बाहेर टाकते. गाभण गायीच्या मलमूत्रातील ईस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकांचे प्रमाण वेत जवळ येईल तसे वाढत जाते; त्यांपैकी निम्म्याहून अधिक भाग शेणावाटे पडतो. कोंबड्यांच्या विष्ठेतही ती असतात. माणसांच्या मैल्यातून हीच द्रव्ये येतात व त्यांच्या जोडीला संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम ईस्ट्रोजेन येते. यात कोणाचा अपराध नाही. जनावर आहे तेथे ही द्रव्ये असणारच. पान्हा सोडविण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनशी मात्र या प्रश्नाची गल्लत करू नये. ती सुई गैर आहेच, पण ते द्रव्य निराळ्या जातीचे आहे.

ही द्रव्ये किती अल्प प्रमाणात अनर्थ करतात, याचा पडताळा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात घेण्यात आला. तेथे संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २६० क्रमांकाच्या तलावात २००१ ते २००३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत गोळ्यांतील कृत्रिम ईस्ट्रोजेन मुद्दाम मिसळण्यात आले. प्रमाण होते लिटरमागे पाच ते सहा नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे वीस कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. वीस कोटी लिटर म्हणजे सात दशलक्ष घनफूट; एका लहान पाझर तलावाचा साठा! एवढ्याने तेथील फॅटहेड मिनो या लहान माशांच्या नरांत अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, त्यांच्या वृषणांची वाढ खुंटली, नवी पिले दिसेनाशी झाली आणि ती जात त्या तलावातून जवळजवळ नष्ट झाली. त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या माशांचेही प्रमाण घटले. मिसळणे थांबविल्यानंतर काही वर्षांनी लहान मासे पुन्हा वाढले, ही त्यातली समाधानाची बाजू.

आता त्याच तलावातील सूक्ष्म जंतूंचे काय झाले? जंतू, शेवाळ व पाण्यातील बारीक किडे यांच्यावर त्या द्रव्याचा प्रत्यक्ष दुष्परिणाम आढळला नाही. खाणारे मासे कमी झाल्यामुळे किडे उलट वाढले. पाणी दिसण्यात बिघडले नाही, घाण आली नाही, तळ सडला नाही. मासे मात्र गेले. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी माशांनाही मानवतेच, असे समजणाऱ्याने हा दाखला ध्यानात ठेवावा. गावतळ्याचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थांना तर तो विशेष विचार करण्याजोगा आहे.

जंतूंना संप्रेरके बाधत नाहीत, कारण जंतूंच्या शरीरात ती ओळखणारी माशांसारखी यंत्रणा नाही. कित्येक जंतूंना तर ती अन्नच होय. टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकावर वाढणाऱ्या एका जंतूला १९५६ मध्ये त्यावरूनच ‘टेस्टोस्टेरोनाय’ हे नाव मिळाले. ईस्ट्रॅडिओल या प्रमुख मादी-संप्रेरकाचा फडशा पाडणारा दुसरा एक जंतू टोकियोतील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात सापडला व त्याचे वर्णन २००२-२००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. असे खाद्य मिळत राहिले की ते खाणाऱ्या जंतूंची संख्या वाढते. अमोनियाचे नायट्रेट करण्याच्या कामातील जंतूही आपले काम करता करता गोळ्यांतील चिवट द्रव्य थोडेफार मोडतात.

येथवर सर्व सुखाचे वाटते. परंतु जंतूंच्या कामाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. शरीर संप्रेरक बाहेर टाकताना बहुधा ते एका शर्कराजन्य आम्लाशी वा गंधकयुक्त गटाशी जखडून टाकते, आणि अशा जखडलेल्या स्थितीत ते निष्क्रिय असते. आतड्यातील ई. कोलाय हा जंतू आपल्या विकराने पहिल्या प्रकारची गाठ सोडतो, आणि निष्क्रिय द्रव्य पुन्हा सक्रिय होते. म्हणजे ज्या पाण्यात ताजा मैला अधिक, तेथे जंतू आधी विष मोकळे करतात, मग खातात. खाण्याला प्राणवायू व वेळ लागतो. भरपूर हवा असल्यास ईस्ट्रॅडिओलचे ईस्ट्रोन लवकर होते व पुढे तेही मोडते. पण साचलेल्या काळ्या गाळात हवा नसते. तेथे हे काम रेंगाळते, इतकेच नव्हे तर ईस्ट्रोनचे उलट ईस्ट्रॅडिओलही होऊ शकते. उन्हाळ्यात डबक्यांपुरता उरलेला नाला म्हणजे नेमकी हीच स्थिती. त्या वेळी त्याच्या शुद्धिशक्तीवर विसंबणे म्हणजे उपाशी बैलाला दुप्पट ओझे घालणे होय.

म्हणून जंतूंकडून काम घ्यावेच, परंतु ते नाल्यात नव्हे. उकिरड्यात आणि जमिनीत घ्यावे. अमेरिकेत कोंबडीखताचे गवत, पेंढा व पालापाचोळा मिसळून केलेल्या ढिगावरील प्रयोगाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १३९ दिवसांत ईस्ट्रॅडिओल ८४ टक्क्यांनी व टेस्टोस्टेरॉन ९० टक्क्यांनी घटले. पूर्ण नाहीसे झाले नाही, हेही खरे. तरीही ताजी विष्ठा पावसाच्या तोंडावर शेतात फेकण्याशी याची तुलनाच नको.

गोबरगॅस संयंत्राबद्दल एक भ्रम दूर केला पाहिजे. संयंत्र इंधन देते, वास व माशा कमी करते, ते असावेच. परंतु त्याच्या पोटात हवा नसल्यामुळे एकूण ईस्ट्रोजेन त्यात फारसे घटत नाही. रबडी थेट ओढ्यात सोडणाऱ्याने संयंत्र बसविले म्हणून पाणी राखले, असे होत नाही. ती पालापाचोळ्याच्या थरांवर टाकून कुजवावी किंवा नांगरटीच्या वेळी मातीत मिसळावी. मातीतील सेंद्रिय अंश ही द्रव्ये धरून ठेवतो व मातीतले जंतू ती हवेच्या मदतीने मोडतात.

यावर शेतकरी म्हणेल की कुजविण्यात नत्र उडतो, जागा अडते आणि मजुरी पडते. हा आक्षेप खोटा नाही. दोन गायी व पाच-दहा कोंबड्या बाळगणाऱ्याला आधी पकडणे अन्यायाचे होईल. त्याचा उकिरडा ओढ्याच्या काठावरून चार पावले वर हलला तरी पुष्कळ झाले. पन्नास जनावरांचा मुक्त गोठा आणि हजारो पक्ष्यांची शेड यांची गोष्ट निराळी. त्यांना जागा आहे, उत्पन्नही आहे. पंचायतीने आपला आग्रह तेथे दाखवावा. खत पडलेले शेत आणि ओढा यांच्यामध्ये गवताचा पट्टा राखल्यास वाहून जाणारे ईस्ट्रोजेन बरेच अडते, असे आर्कान्सा राज्यातील कुरणांवर दिसून आले आहे. आपल्याकडे बांधावर गवत राखण्याची चाल जुनीच आहे. ती ओढ्याच्या काठापर्यंत न्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याजवळ संप्रेरके मोजण्याचे साधन नसते. परंतु पाणी-तपासणीची बाटली त्याच्याजवळ असते. ओढ्याकाठच्या विहिरीच्या पाण्याने ती काळी पडली, तर मलमूत्र पाण्यात शिरत असल्याचा दाट संशय घ्यावा आणि मलमूत्राबरोबर ही द्रव्येही येतात. (बाटली काळी न पडल्यास पाणी संप्रेरकांपासून मुक्त आहे, असे मात्र सिद्ध होत नाही.) अशा ठिकाणी विहिरीत औषध टाकून परत न फिरता त्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत जावे, आणि कोणत्या गोठ्याची मोरी, कोणत्या शौचालयाचा पाट वा कोणत्या शेडचा ढीग पाण्याला लागतो, ते मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच पाहून ठेवावे.