परसबागेचा खर्च कोणाच्या नावे?

आपण बेळगावकर चार दिवस सुट्टी मिळाली की आंबोलीचा घाट उतरून शिरोडा-वेंगुर्ल्याकडे जातो. तेथे घरगुती निवासात उतरतो, घावणे-चटणी खातो आणि निघताना विचारतो, "भाजी तर परसातलीच, मग थाळीला एवढे पैसे का?" माझ्या मावशीचे असेच चार खोल्यांचे निवासस्थान शिरोड्याजवळ आहे. तेथील जमाखर्चाची वही मी पाहिली आहे. माझ्या मते थाळी महाग नाही, वहीच अपुरी आहे.

फाल्गुनात तिकडे सुरंगीचा वास सुटतो, ओले काजूगर मिळू लागतात; पाहुण्यांना एवढेच दिसते. मावशी मात्र पहाटे पाचला विहिरीवर असते. लाल भाजी, चवळी, मिरची यांच्या वाफ्यांना पाणी द्यायचे, माडांच्या आळ्यांत पातेरा घालायचा, न्हाणीचे पाणी केळी-अळवाकडे वळवायचे. (विहीर खाली जाऊ लागते ती याच दिवसांत, आणि पाहुण्यांना आंघोळ दोनदा हवी!) आठाला न्याहारी, मग मासळी, मग दहा माणसांचे जेवण. वहीत गॅस आहे, मासळी आहे, चादरी धुण्याची मजुरी आहे. भाजी नाही आणि मावशीही नाही. तिच्या सासूबाई म्हणतात, "घरची भाजी ती! तिचो कसलो हिशोब?"

गृहिणीचे स्वतःच्या घरासाठीचे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे आपण वर्गात शिकतो. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे आढळले, पुरुषांची ९७. पण पैसे देणाऱ्या पाहुण्याच्या ताटातली भाजी हे घरकाम कसे? तो तर सरळ धंदा आहे.

हा नुसता पुस्तकी वाद नव्हे. वहीत वाफ्यांपुढे काहीच दिसत नाही, म्हणून काकांनी ते बुजवून मोटारींसाठी फरसबंदी करायचे ठरवले आहे. मग भाजी बाजारातून येईल, आणि तेव्हा मात्र ती मुकाट्याने खर्चात लिहिली जाईल! माझे म्हणणे असे की परसातली भाजी बाजारभावाने आणि मावशीचे स्वयंपाकघरातले तास रोजंदारीच्या दराने आजच लिहावेत. (वाफ्यांवरचे तास पुन्हा धरू नयेत, ते भाजीच्या भावात आलेच.) थाळीचा दर त्यावरून ठरावा. काका विचारतात, "दर वाढवला तर तुझे बेळगावकर येतील काय रे?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर त्यांनी नव्हे, आपण द्यायचे आहे. चिऱ्यांची गाडी पाडव्यानंतर यायची आहे.