मोरचुदाच्या पिंपात बुडवलेला विळा

मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून बोर्डो मिश्रण तयार झाले की द्राक्षाचे जुने बागायतदार पिंपात लोखंडी विळा बुडवून थोडा वेळ थांबतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना कालवतात. पाते स्वच्छ निघाले, तर फवारा सुरू होतो. द्रावणात मोकळे तांबे उरले असेल तर लोखंड त्याची जागा घेते आणि तांबे पात्यावर येऊन बसते. दहावीच्या पुस्तकात यालाच विस्थापन अभिक्रिया म्हटले आहे. तेच मोकळे तांबे कोवळ्या पानावर पडले, तर पान करपते.

उद्यानविद्येच्या विद्यार्थ्याचा रसायनशास्त्राचा पहिला तास या पिंपापाशी व्हायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा फळ्यासमोर होतो. अणूची रचना, आवर्तसारणी, संज्ञा, समीकरणे या क्रमाने पुस्तक पुढे सरकते आणि झाड येईपर्यंत सत्र संपलेले असते. मुलेही हा विषय ‘काढून टाकायचा पेपर’ म्हणून उरकतात. बारावीला रसायनशास्त्र झालेले असते हे खरे, पण ते प्रवेश परीक्षेच्या चार पर्यायांपुरते. दहावीनंतर थेट कृषी पदविकेला आलेल्यांकडे तेवढीही शिदोरी नसते.

बोर्डो मिश्रणाचा जन्मच दोन शास्त्रांच्या भेटीतून झाला. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी घड तोडू नयेत, एवढाच हेतू असे. 1882 मध्ये पियेर मिलार्दे यांच्या लक्षात आले, की आसपासच्या बागा केवड्याने गळत असताना याच वेली हिरव्या राहिल्या आहेत. मिलार्दे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मिश्रणाचे प्रमाण बसवण्याच्या कामात रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयाँ त्यांच्यासोबत होते आणि 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे आले. आज नाशिक-सांगलीच्या बागेत मिलार्दे आणि गेयाँ या दोघांचे काम एकाच माणसाला करावे लागते.

एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे एक टक्क्याचे प्रमाण बागेत सर्वांना पाठ असते. मग त्यासाठी रसायनशास्त्र कशाला, असे कुणी विचारेल. उत्तर चुन्याच्या पोत्यात आहे. पोते महिनोन्‌महिने उघडे राहिले, तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू चुनखडीत बदलतो. वजन किलोभरच भरते, पण त्यातला कामाचा चुना कमी झालेला असतो आणि तांबे पूर्ण बांधले जाईल याची खात्री उरत नाही. पाठ केलेले प्रमाण इथे दगा देते. चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ का होते, हे ज्याला कळले आहे, त्याला पोत्यातला बिघाडही कळतो.

मोलची कल्पनाही याच पिंपातून शिकवता येते. एक किलो मोरचुदात तांबे साधारण 255 ग्रॅमच असते आणि तब्बल 360 ग्रॅम पाणी स्फटिकातच अडकलेले असते. हे गणित एकदा हाताने सुटले, की 12:61:0 या खताच्या पिशवीवरचा 61 हा आकडा स्फुरदाचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे आणि निव्वळ फॉस्फरस जेमतेम 27 टक्के भरतो, हेही उलगडते.

आणि पीपीएम! द्राक्षात घड मोकळा व्हावा म्हणून फुलोऱ्याआधी जिबरेलिक आम्ल 10 पीपीएमच्या आसपास देतात; मणी फुगवण्यासाठी 40 च्या आसपास. शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम. ती भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावी लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले, तर वर्षाची मेहनत सरकते. परीक्षेत या गणिताला दोन गुण असतात. बागेत सगळा हंगाम त्यावर उभा असतो.

2010 ची आठवण द्राक्षपट्ट्यात अजून ताजी आहे. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकला आणि निर्यातदारांसह बागायतदारही भरडले गेले. हे रसायन बागायतदारांच्या तोंडी सीसीसी म्हणून रुळलेले होते. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटींचा जोर आवरण्यासाठी ते फवारत. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये फवारलेले औषध पुढच्या वर्षीच्या घडात कसे उतरते, वेलीत ते का टिकून राहते, हा प्रश्न रसायनशास्त्राचाच आहे. त्या पडझडीचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्याला सल्ला देणाऱ्या साखळीतल्या प्रत्येकाला वीस टनांतला एक ग्रॅम डोळ्यांपुढे आणता यायला हवा होता.

महाराष्ट्राची काळी माती बेसॉल्टची. तिच्यात लोह भरपूर, तरीही चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची आणि द्राक्षाची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सामू आठच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि मुळाच्या हाती लागत नाही. मग दुकानातून चिलेटेड लोह येते. त्यातले ईडीटीए अशा जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. पैसे दोन्हींना पडतात. बाटलीवरची ही अक्षरे वाचता येणारा पदवीधर गावात असणे ही चैन नव्हे.

सेंद्रिय रसायनशास्त्राला कात्री लावा, असे सुचवणारेही आहेत. त्यांनी तासगावचे बेदाण्याचे शेड पाहावे. तिथे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवतात. ते तेल म्हणजे इथाइल ओलिएट, एक एस्टर. मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी निसटायला ते वाट करून देते. आंबा पिकवण्याचेही तसेच. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आणि इथिलीनला 100 पीपीएमपर्यंत मुभा का, हे ॲसिटिलीन, इथिलीन आणि कार्बाइडसोबत येणारे आर्सेनिक-फॉस्फिनचे अंश समजून घेतल्याशिवाय आंबेवाल्याला पटवून सांगता येणार नाही.

भाषेचाही अडसर आहे, आणि तो विनाकारण आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी वर्गात ‘कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट’ लिहून घेते. तिच्या घरी ओसरीवर पडलेल्या पुडीला सगळे मोरचूद म्हणतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तुरटी, निवळी, सामू हे शब्दही तिच्या ओळखीचे आहेत. शिक्षकाने पहिल्या आठवड्यात प्रत्येक पदार्थाची ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी ठेवली, तर तिची अर्धी धास्ती तिथेच उतरेल. इंग्रजी संज्ञा तिला लागणारच आहेत, पण त्यांच्याकडे जाणारा रस्ता घरातून निघू शकतो.

या सगळ्याला फार खर्च नाही. एक तराजू, सामूच्या पट्ट्या, काचेच्या बाटल्या आणि महाविद्यालयाची स्वतःची बाग पुरते. प्रात्यक्षिक परीक्षेत वहीच्या नीटनेटकेपणाला गुण देण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:0 यांची द्रावणे ठेवावीत आणि ठिबकच्या एकाच टाकीत ही सोडशील का, एवढेच विचारावे. त्याने आधी दोन्ही एका बाटलीत थोडी थोडी मिसळून पाहावीत. बाटलीत पांढरा साका धरतो, तो कॅल्शियम फॉस्फेटचा. तो तिथेच पाहिलेल्या मुलाला पुढे पाच एकरांतले बुजलेले ड्रिपर आम्लाने धूत बसावे लागणार नाही.