जुनी पेटी आणि कीर्द-खतावणी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. वही आणि तिची प्रत एकाच घरात असली, तर दोन्ही एकदमच जातात, हा त्या दिवसाचा धडा होय.

आज कीर्द-खतावणी संगणकात असते आणि तिची प्रत ‘नॅस’ या नेटवर्कला जोडलेल्या पेटीत. नवा संगणक आणला की जुनी पेटी अनेकदा दिसेनाशी होते. ती बिघडलेली नसते. तिला केवळ एसएमबी-१ ही जुनी संवादपद्धती येते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा विषाणू याच वाटेने पसरला. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही वाट मुळातच बंद असते. ती पुन्हा उघडू नये. आधी पेटीतील सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, मग फर्मवेअर अद्ययावत करून एसएमबी-२ मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास पेटीस निवृत्ती द्यावी.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर असावी आणि दर तिमाहीस तिच्यातील एखादी फाइल उघडून पाहावी. न वटलेला धनादेश जमेस धरता येत नाही; न तपासलेली प्रतही तशीच.